ज्याची वस्तू, त्याचा हात

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. दोन पानांतलं दीड पान तुझ्या पुस्तकाबद्दल, चार ओळी तिथल्या थंडीबद्दल आणि शेवटी ‘बाबांची काळजी घे’. बरं झालं आठवण केलीस, नाहीतर मी विसरलेच असते! पण पुस्तक छापून येतंय याचा मला खरंच आनंद झाला. पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. अदलाबदलीच्या जुन्या इंग्रजी शब्दांवर अख्खं पुस्तक, तेही आपल्या मुलीचं, हे ऐकून त्यांनी डावा हात वर केला आणि हवेतच टाळी मागितली. मी दिली, तुझ्या वाटची.

मे महिन्याच्या शेवटी प्रकाशन आहे आणि तिथे मांडायला आपला जुना शब्दकोश हवाय, तो पार्सलने पाठव, असं तू लिहितेस. तो पार्सलने येणार नाही. का, ते तुला माहीत आहे. पण तुला हल्ली सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून लिहिते.

कुणीतरी एका इस्त्रीच्या बदल्यात तो आपल्या अदलाबदलीच्या दुकानात टाकून गेलं होतं. सुरुवातीची पानं गळालेली, त्यामुळे ‘बार्टर’ हा शब्दच त्यात नव्हता. आपल्या धंद्यातला मुख्य यजमान गायब आणि बाकीचं गणगोत हजर, असं बाबा म्हणायचे. दुकानाचं शटर ओढलं की ते एकेक शब्द शोधून काढायचे आणि आपण दोघी तो लगेच कामाला लावायचो. चॅफर म्हणजे घासाघीस. बूट म्हणजे सौदा समान व्हावा म्हणून वर टाकलेली वस्तू. हॅन्सेल म्हणजे आपली बोहनी, आणि इसारसुद्धा. ‘अरे, यांच्याकडेही बोहनी आहे!’ म्हणून बाबा केवढे खूश झाले होते. स्कोर्स म्हणजेही अदलाबदलच. तू भांडी घासायची पाळी मला स्कोर्स केलीस आणि वर अर्धी पेन्सिल बूट दिलीस. पेन्सिलीला टोक नव्हतं, हे मला नंतर कळलं.

आणि स्वॅप. हा शब्द मुळात नुसता फटका होता, सौदा ठरला की हातावर हात मारायचे, त्यावरून पुढे त्याचा अर्थ अदलाबदल झाला, हे वाचल्यापासून बाबांनी दुकानात टाळीची पद्धत सुरू केली. टाळी वाजली की सौदा पक्का. पण टाळी द्यायची ती मालकानेच. ज्याची वस्तू, त्याचा हात. आठवतो तो माणूस, बायकोचं शिलाई मशीन रेडिओवर बदलायला आला होता तो? बाबा म्हणाले, ‘जिचं मशीन तिला घेऊन या. इथे तिचा हात लागेल.’ तो बडबडत मशीन परत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ती बाई एकटीच आली, काउंटरवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. बाबा दिवसभर गुणगुणत होते.

त्याच नियमाने आपली टाळी झाली होती ताई. अर्धांगवायूने बाबांचा उजवा हात आणि निम्मे शब्द गेले त्या वर्षी, दुकानाच्या मागच्या खोलीत, पंख्यांच्या ढिगाऱ्याशेजारी. चार वर्षं तू शिकायला जायचं, मी बाबांचं आणि दुकानाचं बघायचं. मग तू यायचं आणि चार वर्षं मी जायचं. हॅन्सेल म्हणून तू शब्दकोश माझ्या हातात दिलास. ‘हा तुझ्याकडे आहे तोवर मी येणार,’ हे तुझे शब्द. चारची सात वर्षं झाली. आधी तुझा प्रबंध, मग नोकरी, मग नोकरी पक्की होणं. मी प्रत्येक वेळी ‘चालेल’ म्हटलं, कारण तुला ‘नाही’ म्हणायची मला सवय नाही.

आता मात्र चालणार नाही. दुर्बिणींची भिंगं घडवणाऱ्या त्या भिंगवाल्या बाईंचं पत्र आलंय. मी घासून पाठवलेलं तिसरं भिंग त्यांनी दुर्बिणीत बसवलं! त्यांचे हात आता कापतात. एकच शेवटची शिकाऊ ठेवणार आणि ती मी. एक जूनपर्यंत जागा राखून ठेवलीय, त्यानंतर त्या दुसऱ्या कुणाला घेतील. राहायला कारखान्यावरचा माळा आहे, शिडीने चढायचा, म्हणजे बाबांना नेणं शक्य नाही. दुकानात बसून मी लोकांचे जुने कॅमेरे दुरुस्त करते, त्यांतली बुरशी लागलेली भिंगं पुसते. मला एकदा तरी नवं भिंग घडवायचंय, शेवटपर्यंत, पहिल्या घासण्यापासून.

शब्दकोश न्यायला स्वतः ये. येताना सामान जास्त आण.

तुझी,
चिल्लर

ता.क. पत्र लिहिते कारण फोनवर तुझं नेटवर्क नेमकं याच विषयाला जातं.


२७ फेब्रुवारी

ताई,

मी विचारलं काय आणि तुझं उत्तर काय! ‘एक सहकारी त्या बाजूला येतोय, त्याच्याकडे शब्दकोश दे.’ आणि एक जूनचं? त्याबद्दल अवाक्षर नाही. बरं, येऊ दे तुझ्या सहकाऱ्याला. चहा पाजीन. शब्दकोशाचं बघू.

बाबा ठीक आहेत. तुझं नाव काढलं की हल्ली खिडकीबाहेर बघतात. पूर्वी हसायचे. मला वाटतं तुझी फार आठवण येते त्यांना. एकदा फोनवर त्यांच्याशी बोल ना, दोन मिनिटं.

चिल्लर


१६ मार्च

ताई,

आज दुपारी मला कळलं की आपले बाबा तीन वर्षांपूर्वी वारले.

बातमी ऐकली तेव्हा बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर बसून सूप पीत होते.

तुझा सहकारी आला. जाड भिंगांचा चष्मा, डाव्या भिंगावर ओरखडा, माणूस मात्र अगदी सरळ. दारातच चपला काढाव्या की नाही म्हणून घुटमळला. मग दुकानभर नजर फिरवली, बंद रेडिओ, शिलाई मशीनं, एका कोपऱ्यात रचलेले पंखे, आणि इतका हरखला की मला हसू आलं. ‘मॅडम वर्गात या दुकानाबद्दल इतकं सांगतात,’ म्हणाला, ‘की मला वाटतं मी इथेच लहानाचा मोठा झालो.’ मला तुझा अभिमान वाटला, ताई. हे मुद्दाम लिहिते. पुढच्या वाक्यापर्यंत मला तुझा अभिमान वाटत होता.

मग तो आवाज उतरवून म्हणाला, ‘तुमच्या वडिलांचं ऐकून आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं होतं. मॅडम तर दोन आठवडे शिकवायला आल्या नव्हत्या. पुस्तकही त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलंय.’

मी विचारलं, ‘कधीचं म्हणताय तुम्ही?’

‘तीन वर्षं झाली ना? तुम्हीच तर सगळं केलंत शेवटी. मॅडम नेहमी म्हणतात.’

तीन वर्षं. म्हणजे बरोबर तुझी यायची पाळी आली तेव्हा. त्या वेळी तू मला लिहिलं होतंस की कामातून डोकं वर काढता येत नाही. आणि दोन आठवडे सुतक पाळत होतीस! गरज सरो नि वैद्य मरो ऐकलं होतं. इथे तर बाप मारला.

तेवढ्यात बाबांनी मशीनच्या आडून डावा हात वर केला आणि गिऱ्हाईक आलं असं समजून स्पष्ट म्हणाले, ‘चॅफर?’

तो वळला. बाबांकडे बघतच राहिला. ‘आणि हे?’

आता मी काय केलं ते ऐक. माझ्या जिभेवर ‘हेच ते’ होतं. पण मला तुझा चेहरा दिसला, तुझ्या त्या वर्गासमोर, त्या माणसांसमोर. मी म्हटलं, ‘हे आमचे काका. बाबांचे धाकटे भाऊ.’

‘तरीच,’ तो म्हणाला. ‘मॅडमच्या टेबलावर वडिलांचा फोटो आहे, अगदी तोच चेहरा.’ मग वाकून त्याने बाबांना नमस्कार केला आणि म्हणाला, ‘तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, काका.’

बाबांचे शब्द गेलेत, कान नाही गेले. त्यांना सगळं कळतं. त्यांनी सुपाचा वाडगा खाली ठेवला आणि मान हलवली. त्या परक्या माणसाचं सांत्वन त्यांनी स्वीकारलं ताई. स्वतःच्या मरणाचं.

शब्दकोश मी दिला नाही. सापडत नाही म्हटलं. तो काउंटरवर त्याच्या कोपराशेजारीच होता.

तो गेल्यावर बाबांनी मला एकच शब्द विचारला. ‘काका?’

मी आत जाऊन नळ सोडला आणि भांडी घासत बसले. स्वच्छ भांडी.

चिल्लर


२ एप्रिल

ताई,

सात वर्षांत तुझं पत्र इतक्या लवकर कधी आलं नव्हतं. काय लागतं ते आता कळलं.

तू लिहितेस की पहिल्यांदा ते तोंडातून निसटलं. कुणीतरी विचारलं, ‘सुट्टीत घरी जात नाहीस? वडील आजारी आहेत ना?’ आणि उत्तर देऊन देऊन थकलेली तू म्हणालीस, ‘आता नाहीत.’ मग परत घेता येईना. मग लोक फुलं घेऊन आले. मग रजा घ्यावीच लागली. हे मला समजतं. खरंच समजतं. खोटं एकदा घरात शिरलं की त्याला जेवायला घालावं लागतं.

पण मग ‘तू सांभाळून घेतलंस, थँक्यू’ असं लिहिलंस. थँक्यू! मी तुझ्यासाठी बापाला त्याच्याच दुकानात त्याच्याच तोंडावर नाकारलं, आणि तू चहा दिल्यासारखी थँक्यू म्हणतेस. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला आता शब्दकोशात बघायला नको.

आणि तो शेवटचा परिच्छेद. ‘तू मला दोष देतेस, पण मला बाबांनीच सोडवलं होतं. मी निघाले त्या सकाळी तू रिक्षा बघायला बाहेर गेलीस, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि सांगितलं, येऊ नकोस. विश्वास नसेल तर त्यांना विचार.’

नाही विचारणार. हात झटकायला तुला एका आजारी माणसाचा आधार लागतो, याची मला लाज वाटते. तू आधी त्यांना मारलंस आणि आता त्यांनाच साक्षीला उभं करतेस. मेलेल्यांच्या साक्षी कुणी घेतं का?

भिंगवाल्या बाईंना मी ‘नक्की येते’ असं कळवलंय. एक जून.


९ एप्रिल

ताई,

विचारलं.

सहा दिवस मी स्वतःशी भांडले. बाबांची दाढी करताना वाटायचं आत्ता विचारावं, मग वस्तरा हातात असताना नको वाटायचं. काल दुकान बंद केल्यावर त्यांच्या समोर स्टूल ओढून बसले आणि तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. फक्त तो शेवटचा परिच्छेद.

त्यांनी खिडकीकडे बघितलं. हल्ली तुझं नाव काढलं की ते तिकडेच का बघतात, ते मला तेव्हा कळलं. मला आठवण वाटली होती ती. ती लाज होती.

मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही तिला येऊ नकोस म्हणालात?’

त्यांनी मान हलवली. हो.

‘आणि मला सांगितलं नाहीत.’

पुन्हा हो.

‘का?’

शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो, तुला आता आठवतही नसेल किती. मी थांबले. ‘ती,’ ते म्हणाले. ‘ती... थांबली नसती.’ मग माझ्याकडे बोट. ‘तू... थांबतेस.’

एवढंच. मी थांबते! सात वर्षं मी स्वतःला सांगत होते की मी पाळीने इथे आहे. अर्धा वेळ झाला, पाऊण वेळ झाला, आता तिची पाळी. आणि तुम्हा दोघांना पहिल्या सकाळपासून माहीत होतं की पाळी वगैरे काही नाहीच. मी रिक्षा शोधत होते तेवढ्या वेळात तुम्ही माझी वर्षं आपसात वाटून घेतलीत. दोघांचं साटंलोटं, आणि मी परत आले तेव्हा तुझी बॅग उचलायला मदत केली. वर तुला बिस्किटांचा पुडा दिला. तो माझा बूट!

तू केलंस ते मला समजतं, तू तशीच आहेस. पण त्यांनी? ज्या माणसाने परक्या बाईचं मशीन तिच्या हाताशिवाय घेतलं नाही, त्याने? मी त्यांना तेच विचारलं. म्हटलं, ‘ज्याची वस्तू त्याचा हात ना, बाबा? माझा हात कुठे होता?’

ते रडले. मी त्यांना रडू दिलं. नेहमी मी रुमाल देते, काल नाही दिला. कुंपणानेच शेत खाल्लं की दाद कुणाकडे मागायची असते ते मला माहीत नाही. मग त्यांना उचलून पलंगावर नेलं, कारण ते करावंच लागतं, राग असला तरी. त्यांचं वजन राग बघून कमी होत नाही.

तुला मी क्षमा केलेली नाही. त्यांनाही नाही. पण त्यांचे पाय मी अजून दाबते, आणि तुला अजून पत्र लिहिते. हे काय आहे ते तुझ्या पुस्तकात असेल तर कळव.


२० मे

ताई,

मधल्या काळात तू पाठवलेली तीनही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण दुकान आवरत होते. पंखे भंगारवाल्याने नेले. शिलाई मशीनं शेजारच्या शिंप्याने घेतली, त्याच्या बदल्यात त्याने बाबांना दोन शर्ट आणि एक कोट शिवून दिला. बाबांनी टाळी स्वतः दिली. कोट छान बसलाय. उजवी बाही थोडी सैल ठेवायला सांगितली, हात घालायला सोपं जातं.

तिसऱ्या पत्रात तू घाबरून विचारतेस की मी नक्की काय ठरवलंय. सांगते.

मी बाबांसमोर पुन्हा स्टूल ओढून बसले आणि सगळं सरळ मांडलं. म्हटलं, ‘मला एक जूनला भिंगांच्या कारखान्यात हजर व्हायचंय. तुम्हाला तिकडे नेता येत नाही. तुम्ही ताईकडे राहाल का? या वेळी मी तुम्हाला न विचारता काही करणार नाही. नाही म्हणालात तर मी बाईंना नकार कळवीन आणि तुम्हाला पुन्हा कधी ऐकवणार नाही.’ आणि मी हात पुढे केला. खरं सांगू? मला वाटलं ते खिडकीकडे बघतील.

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी इतक्या जोराने मारला की माझी बोटं झिणझिणली. ‘जा,’ म्हणाले. आणि थोड्या वेळाने, स्वतःच्या छातीवर हात ठेवून, ‘मी... जिवंत. दाखवू.’

तेव्हा त्यांचा सौदा त्यांनी स्वतः केलाय. माझा मी केलाय. तुझा हात तेवढा उरलाय, आणि तुझ्या वतीने टाळी मी देणार नाही. तुमच्या दोघांसारखं मला जमत नाही. म्हणून तो हात मागायला आम्ही दोघं समोर येतोय, ३० तारखेच्या रात्रीच्या गाडीने निघून ३१ला, तुझ्या प्रकाशनाच्या दिवशी, सकाळी पोचतो. सात वर्षं तू हे अंतर असं सांगत होतीस की मला मध्ये समुद्र आहे असं वाटायचं. गाडीत एक झोप काढली की संपतं.

त्यांची औषधं निळ्या पिशवीत आहेत, प्रत्येकावर कधी द्यायचं ते लिहिलंय. सूप फार गरम चालत नाही. झोपताना उजव्या हाताखाली उशी लागते. काही शोधत असतील तर शब्द तू पुरवू नकोस, थांब. तुला जमेल. तू शिक्षिका आहेस, आणि आता ते तुझ्या विषयातलेच आहेत.

शब्दकोशही आणतेय. तू म्हणाली होतीस ना, तो माझ्याकडे आहे तोवर तू येणार. तू आली नाहीस, म्हणून आता तो तुझ्याकडे येतोय. बाबा गाडीत तो मांडीवर घेऊन बसणार म्हणतात.

प्रकाशनाच्या सभागृहात पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेव, एक बाबांना, एक शब्दकोशाला. मला नको, मी कडेला उभी राहीन, माझी पुढची गाडी त्याच संध्याकाळची आहे. आम्ही तुझं भाषण संपेपर्यंत थांबू. मध्ये काही बोलणार नाही, घाबरू नकोस. तुझा तो चष्मेवाला सहकारी पुढे येईल आणि बाबांना ‘या काका’ म्हणेल, कारण त्याला मी तसंच सांगितलंय. बाबा तेव्हा काही म्हणणार नाहीत, मीही नाही. आम्ही दोघं तुझ्याकडे बघू.

ते कोण आहेत, ते त्याला तू सांगायचंस.

तुझी बहीण